पापणीचं खाणं

प्रसेनजीतनं तर्जनीच्या टोकानं पापणीचा खालचा जबडा हलकेच वर उचलला, आणि तो बोटाखाली रबरासारखा वाकला.

त्यानं बोट लगेच काढून घेतलं. टेबलावर पसरलेल्या टॉवेलवर ती वीतभर लांबीची, विटकरी रंगाची परदेशी पाल पोट टेकून पडली होती. डोळ्यांच्या वर तिला बारीक मऊ काट्यांची झालर होती. ती पापण्यांसारखी दिसायची, म्हणून अवंतिकानं तिचं नाव पापणी ठेवलं होतं. दोन महिन्यांपूर्वी हीच पाल याच टेबलावरून झेप घेऊन भिंतीला चिकटली होती आणि तिला खाली काढायला कंपाउंडर केरबाला स्टुलावर चढावं लागलं होतं. आज तिची शेपटी नागमोडी झाली होती. पुढचे पाय कोपरातून बाहेर वाकले होते आणि मधूनच एखादं बोट आपोआप थरथरत होतं.

टेबलापलीकडे अकरा वर्षांची अवंतिका उभी होती. शाळेच्या गणवेशातच होती. मागे तिचे आजोबा, त्र्यंबकराव, छत्री दोन्ही हातांनी धरून खुर्चीवर बसले होते.

"काय झालंय तिला?" अवंतिकानं विचारलं.

"कॅल्शियम कमी पडलंय," प्रसेनजीत म्हणाला. "हाडं मऊ झालीत."

हे तो एवढ्या सहज बोलून गेला, की बोलल्यावरच त्याचा अर्थ त्याच्या कानांवर पडला. तो वळून कपाटातली औषधं शोधू लागला. हवी ती बाटली समोरच होती. तरी तो शोधत राहिला.

"माझ्यामुळे झालं," मागून अवंतिका म्हणाली.

त्यानं वळून पाहिलं. मुलीनं टेबलाची कड घट्ट धरली होती.

"तुम्ही किडे बंद करा म्हणाला होतात. पण मी दिले. तीन. गच्चीत सापडलेले रातकिडे. तिला केळं नको असायचं, तोंड फिरवायची, म्हणून मी आजोबांना न सांगता दिले. तीनच दिले, डॉक्टरकाका."

"बघा," त्र्यंबकराव म्हणाले. "डॉक्टर सांगतील तसंच करायचं, हे हिला शंभर वेळा सांगितलं असेल."

दवाखान्याबाहेर राजारामपुरीच्या रस्त्यावरून एक टेम्पो गेला. तो लांब जाईपर्यंत प्रसेनजीतला वेळ होता. तेवढ्या वेळात बोलता आलं असतं. त्यानं बाटलीचं झाकण उघडलं, ड्रॉपर भरला, आणि म्हणाला,

"असू दे. लहान आहेस. होतं असं."

अवंतिकानं मान खाली घातली.

"थँक्यू," ती म्हणाली.

*

पापणी पहिल्यांदा दवाखान्यात आली होती ती २००७ सालच्या ऑगस्टमध्ये. अवंतिकाचे वडील गुरुप्रसाद बेंगलोरला नोकरीला होते. तिथल्या एका दुकानातून त्यांनी लेकीच्या वाढदिवसाला ही पाल आणली, काचेची पेटी आणली, आणि सुट्टी संपल्यावर ते परत गेले. त्यानंतर आठवड्याभरात पालीनं खाणं कमी केलं, म्हणून आजोबा-नात तिला घेऊन आले.

प्रसेनजीतनं असला प्राणी जन्मात पाहिला नव्हता. चौदा वर्षांत त्यानं म्हशी, गाई, बैल, शेळ्या, शर्यतीचे घोडे, आणि अलीकडे राजारामपुरीतली कुत्री पाहिली होती. पाल त्यानं फक्त भिंतीवर पाहिली होती.

"हा प्राणी आधी पाहिलाय ना तुम्ही?" त्र्यंबकरावांनी विचारलं होतं. साधाच प्रश्न होता. निवृत्त हेडक्लार्क माणूस, कागद पुढे सरकवण्याआधी खात्री करून घेण्याची सवय.

"हो. येतात अधूनमधून," प्रसेनजीत म्हणाला.

त्या दिवशी अवंतिकानं सगळं नीट सांगितलं होतं. दुकानदारानं आठवड्यातून दोनदा किडे द्यायला सांगितले होते, आणि किड्यांवर भुरभुरायला एक पांढरी पूड दिली होती. पूड संपली होती. किडे घरात आणायला आजोबांचा विरोध होता.

"आमच्या घरात अंडंही येत नाही हो," त्र्यंबकराव म्हणाले. "आता ह्या वयात मी रातकिडे धरत फिरू?"

प्रसेनजीत हसला. त्या हसण्यातच त्याचं उत्तर ठरून गेलं.

"किड्यांची काही गरज नाही," तो म्हणाला. "उलट त्यानं पोटात जंत होतात. केळं कुस्करून द्या, त्यात थोडा मध. तेवढं बस्स."

"आणि पूड?" अवंतिकानं विचारलं.

"पूड कशाला? ताज्या फळात सगळं असतं."

त्र्यंबकरावांचा चेहरा उजळला. माणूस मोकळेपणानं म्हणाला, "याला म्हणतात डॉक्टर." ते ऐकून प्रसेनजीतनं केळं दिवसातून किती वेळा द्यायचं तेही सांगून टाकलं.

असं त्यानं पहिल्यांदाच केलं होतं असं नाही. पण एरवी ते निभावून जायचं. माहीत नसलं तरी म्हशीवरून गाईचं आणि गाईवरून घोड्याचं बरंचसं ताडता येई. आणि 'माहीत नाही' हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत, हे त्यानं फार पूर्वीच ठरवलं होतं. पशुवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला तोंडी परीक्षेत एका प्रश्नावर तो "माहीत नाही, सर" म्हणाला होता. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा पुसत, अगदी मऊ आवाजात म्हणाले होते, "बरोबर आहे. तुमच्याकडून तीच अपेक्षा होती." शेजारचे दोन प्राध्यापक हसले होते. 'तुमच्याकडून' म्हणजे कुणाकुणाकडून, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. खाली व्हरांड्यात त्याची आई, मीनाबाई, डबा घेऊन बसली होती. छप्पन्न साली तिच्या बापानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून घरातलं कुणीतरी डॉक्टर व्हावं हे त्या घराचं ठरलेलं होतं. माणसांचा नाही तर जनावरांचा. ती अजून सगळ्यांना सांगायची, माझ्या लेकाला जनावरांतलं सगळं कळतंय.

*

पापणीला औषध देऊन आजोबा-नात गेले, त्यानंतर तासाभरानं कागलजवळच्या एका मळ्यातून फोन आला. व्यालेली म्हैस बसली होती, उठत नव्हती.

प्रसेनजीत मोटारसायकलनं पोचला तेव्हा गोठ्याबाहेर शालूबाई पदर खोचून उभी होती. म्हैस मान कुशीकडे वळवून पडली होती. कान गार, नाकपुडी कोरडी. व्यायल्यावर सगळं कॅल्शियम दुधात गेलं होतं. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. त्यानं शिरेत सुई घातली, बाटली उंच धरायला शालूबाईच्या दिराला दिली आणि म्हशीच्या छातीला कान लावून ठोके ऐकत राहिला.

"आधी काय औषध घातलं का कुणी?" त्यानं विचारलं.

"न्हाय की. मला त्यातलं काय म्हाईत न्हाय बघा," शालूबाई म्हणाली. "मग उगंच हात कशाला लावायचा? तुमास्नी फोन केला."

प्रसेनजीतनं मान वर केली. ती म्हशीकडेच बघत होती. जे होतं ते सांगितलं, एवढंच.

"माझंच चुकलं का वो काय?" ती पुढं म्हणाली. "खुराकात काय कमी पडलं आसंल."

"न्हाय मावशी. तुमचं काय चुकलं न्हाय," तो म्हणाला. एका दिवसात दुसऱ्यांदा कुणीतरी त्याच्यापुढे आपली चूक मांडत होतं. इथं खरं उत्तर देणं किती सोपं होतं.

अर्ध्या तासानं म्हशीनं एक मोठा सुस्कारा टाकला, पुढचे गुडघे टेकले आणि ती ढुंगण वर करून उभी राहिली. शालूबाईनं तिच्या कपाळावरून हात फिरवला. घरातून चहा आला. प्रसेनजीतनं कप हातात घेतला, दोन घोट घेतले आणि बाकीचा तसाच ठेवून तो निघाला. परतीच्या हायवेवर ऊस भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागली होती. त्यांच्या मागे तो बराच वेळ हळू जात राहिला. जागा मिळत होती तरी पुढे गेला नाही.

कोल्हापुरात शिरल्यावर तो घरी न जाता एका इंटरनेट कॅफेत गेला. प्लायवुडच्या खोपटात बसून त्यानं अवंतिकानं पहिल्या दिवशी सांगितलेलं पालीचं इंग्रजी नाव टाइप केलं. पहिल्या पानावरच सगळं होतं. फळांचा गर चालतो, पण नुसत्या फळांवर ही पाल जगत नाही. तिला किडे लागतात, आणि किड्यांना आधी चांगलं खाऊ घालून, वर कॅल्शियमची पूड लावून ते द्यावे लागतात. केळं जास्त देऊ नये. मध नकोच. त्याखाली एका पालीचा फोटो होता. जबडा लोंबलेला, शेपटी नागमोडी. 'चुकीच्या आहाराचा परिणाम' असं लिहिलं होतं.

त्यानं खिशातून पेन काढून सगळं उतरवून घेतलं. उठताना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पंधरा मिनिटं लागली होती. कॅफे त्याच्या दवाखान्यापासून चालत पाच मिनिटांवर होता.

*

रविवारी सकाळी तो मंगळवार पेठेत त्र्यंबकरावांच्या घरी गेला. आधीच्या तीन दिवसांत त्यानं दोनदा फोन उचलून ठेवला होता. एकदा नुसत्या सूचना चिठ्ठीवर लिहून केरबाबरोबर पाठवायचंही ठरवलं होतं. चिठ्ठीत 'आता आहारात पुढीलप्रमाणे बदल करावा' एवढंच होतं. कुणाला काही कळलं नसतं. ती चिठ्ठी खिशात होती. सोबत कॅल्शियमच्या पुडीची डबी आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात डझनभर रातकिडे. ते केरबानं रंकाळ्याच्या बाजूच्या गवतातून धरून आणले होते.

"या, या डॉक्टर," त्र्यंबकराव उठून उभे राहिले. "घरी येऊन बघणारे डॉक्टर आता राहिलेत कुठे?"

त्यांनी पाणी आणून दिलं, चहाला सांगितलं. अवंतिका आतल्या दाराशी उभी होती. काचेची पेटी गॅलरीत होती, तिथून दिसत होती.

"हिनं चार दिवसांत त्या पेटीला हात लावलेला नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "म्हणते, माझा हात लागला की तिला काहीतरी होतं. औषध मीच घालतो. मला तर ती पाल म्हटलं की अंगावर काटा येतो, पण काय करणार?"

प्रसेनजीतचा हात खिशातल्या चिठ्ठीपर्यंत गेला होता. तो त्यानं बाहेर काढला आणि रिकामाच गुडघ्यावर ठेवला.

"तिच्यामुळे नाही झालं," तो म्हणाला. "माझ्यामुळे झालं. मी सांगितलेलं खाणं चुकीचं होतं."

त्र्यंबकरावांनी चष्मा सारखा केला. "म्हणजे?"

"तिला किडे हवे होते. पूडही हवी होती. मी दोन्ही बंद केलं. हिनं जे तीन किडे दिले, तेवढंच काय ते तिच्या पोटात बरं गेलं."

"पण तुम्ही तर म्हणाला होतात, असे प्राणी येतात तुमच्याकडे."

"नाही येत. मी पहिल्यांदाच पाहिला. मला माहीत नव्हतं."

बोलून झाल्यावर त्याला आपल्या कानांच्या पाळ्या तापलेल्या जाणवल्या. चहा आला, तो मध्ये ठेवला गेला. त्र्यंबकराव बशीकडे बघत राहिले.

"तरी गुरुप्रसाद फोनवर म्हणत होता," ते हळू म्हणाले, "की दुसऱ्या कुणालातरी..."

वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. त्यांनाही ते बरं वाटलं नसावं, कारण ते लगेच "चहा घ्या" म्हणाले. पुढचे शब्द काय असतील ते प्रसेनजीतला ठाऊक होतं. निदान ठाऊक आहे असं धरूनच तो इतकी वर्षं वागत आला होता. कदाचित गुरुप्रसाद फक्त बेंगलोरच्या डॉक्टरबद्दल बोलले असतील. विचारायची सोय नव्हती. आणि आज त्या वाक्याचा राग धरायचा हक्क आपण घालवून बसलो आहोत, हे त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

अवंतिका दारातून पुढे आली.

"मग तुम्ही मला 'असू दे' का म्हणालात?"

त्र्यंबकराव दचकले. "अवंतिका."

"नाही, विचारू दे तिला," प्रसेनजीत म्हणाला. वाटेत येताना त्यानं पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यांत हा प्रश्न नव्हता.

"मला लाज वाटली," तो शेवटी म्हणाला.

"कसली?"

"येत नाही म्हणायची."

अवंतिकानं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिला ते खरोखरच कळत नव्हतं.

"आम्ही म्हणतो की शाळेत," ती म्हणाली.

त्याला व्हरांड्यात डबा घेऊन बसलेली आई आठवली, परीक्षकाचा चष्मा आठवला. त्यातलं काहीही या मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर ते कारण झालं असतं, आणि तिनं चार दिवस जे सोसलं त्याला कुठलंही कारण पुरणार नव्हतं.

"झालं गेलं," त्र्यंबकराव समजुतीच्या स्वरात म्हणाले. "मोठी माणसंही चुकतात. डॉक्टर स्वतः घरी आले. म्हण बघू त्यांना, असू दे म्हणून."

अवंतिकानं टेबलावरचं पुठ्ठ्याचं खोकं उचललं, कानाशी नेऊन ऐकलं, आणि ते घेऊन गॅलरीत गेली. थोड्या वेळानं पेटीवरची जाळी सरकल्याचा आवाज आला. काचेतून तिचा हात आत जाताना दिसत होता.

*

पापणी वाचली. जबडा घट्ट झाला, पण वाकडाच घट्ट झाला, त्यामुळे तिच्या जिभेचं टोक सदा थोडं बाहेर दिसायचं. शेपटी नागमोडीच राहिली. दिवाळीच्या सुमारास ती काचेवर निम्म्यापर्यंत चढू लागली. त्याहून वर गेली नाही.

आजोबा-नात दर पंधरा दिवसांनी यायचे. त्र्यंबकराव आता दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसायचे. नमस्कार पूर्वीसारखाच करायचे, बोलणं मात्र कामापुरतं. अवंतिका वहीत लिहिलेलं वाचून दाखवायची: किडे किती, पपई किती, अंजीर किती, पूड कोणत्या वारी. एकदा ती मध्येच थांबून म्हणाली, "हे तुम्ही सांगितलं होतं, पण बाबा दिवाळीला आले तेव्हा मी त्यांच्या लॅपटॉपवर बघितलं, तिथं निम्मंच द्या म्हणून लिहिलंय." प्रसेनजीतनं वही हातात घेतली, आकडे पाहिले आणि "तिथलं बरोबर आहे" म्हणाला. तिनं खोडून नवा आकडा लिहिला. उन्हाळ्यात गुरुप्रसादनी सगळ्यांना कायमचं बेंगलोरला नेलं. निरोप घ्यायला कुणी आलं नाही. यायचं काही कारणही नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात पेठ वडगावचा आकाराम पाटीत गोणपाट अंथरून एक पक्ष्याचं पिलू घेऊन आला. अंगावर पट्टे, मान लांब, पाय दोन बाजूंना फाकलेले. आसपासच्या गावांतून तेव्हा लोक मोठ्या हौसेनं इमू पाळायला लागले होते.

"उभंच ऱ्हाईना झालंय," आकाराम म्हणाला. "खायाला काय घालू ते सांगा. कोंबड्याचंच खाद्य घालतोय. चालतंय न्हवं?"

प्रसेनजीतनं पिलाचे पाय चाचपले. कोंबडीवरून अंदाज बांधता आला असता. चार वाक्यं जिभेवर तयारही झाली. मागे केरबा सिरिंजा धूत होता. प्रसेनजीतचे कान त्या रविवारी तापले होते तसेच तापले. वर्ष होत आलं तरी ते काही सवयीचं होत नव्हतं.

"मला म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "इमू मी कधी बघितला न्हाय. वाचून, कुणाला तरी विचारून सांगायला लागंल."

नळ बंद झाल्याचा आवाज आला. केरबा वळून बघत असावा.

आकारामनं पिलावर गोणपाट ओढलं, पाटी काखेत घेतली.

"बरं," तो म्हणाला. "मग कवा येऊ?"

प्रसेनजीत त्याच्या चेहऱ्यावर हसू शोधत राहिला. आकाराम दारात थांबला होता, एक पाय पायरीवर, उत्तराची वाट बघत. त्याला आणखी काही म्हणायचं नव्हतं.

"डॉक्टर," केरबा मागून म्हणाला, "ते इचारत्यात, कवा येऊ."